बाविसाव्या गुणसूत्राची सोयरीक

उमेदीची सहा-सात वर्षं मी कात्रीने काम केलं. मी शास्त्रज्ञ आहे, शिंपीण नाही, हे कर्जतमध्ये मला बऱ्याच जणांना समजावून सांगावं लागे, आणि सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा आधी होता तसाच राही. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी मायलॉइड ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या एका जातीवर, काम करत होते. रोग्याच्या एका पेशीचा सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, मोठा करून छापायचा, त्यातलं एकेक गुणसूत्र बारीक कात्रीने कापून काढायचं आणि ते सेहेचाळीस तुकडे जोड्या लावून कार्डावर डकवायचे. मोठ्यापासून लहानापर्यंत बावीस जोड्या, आणि शेवटी बाई की पुरुष ते सांगणारी एक. आज हे सगळं संगणक करतो. तेव्हा तो संगणक मीच होते.

बाविसाव्या जोडीतलं एक गुणसूत्र आखूड दिसलं की समजायचं, हाच तो आजार. बाविसाव्याचं टोक तुटून नवव्याला जाऊन चिकटलेलं असतं. एवढं तोवर जगाला माहीत झालं होतं. पण ते तुटतं का, आणि तुटण्याची ही खोड आईबापांकडून येते का, हे कोणी खात्रीने सांगत नव्हतं.

शनिवारी मी कर्जतला घरी येई ती फोटोंचा गठ्ठा घेऊनच. पडवीत सतरंजीवर बसून कापाकापी चाले आणि तोवर पंखा बंद. रेल्वेतून निवृत्त झालेले माझे वडील आल्यागेल्याला मोठ्या गांभीर्याने सांगत, "पंखा नका लावू, हिची गुणसूत्रं उडतात." पाहुणे टॉवेलने घाम पुसत बसत आणि लवकर उठत. आईला ही सोय फार आवडली होती.

आणीबाणी संपून वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. मुंबईला आमच्या संस्थेत एक पेशंट आला. पंचेचाळिशीचा, कळंबजवळच्या एका गावचा भातशेती करणारा माणूस. डाव्या बाजूला पोट फुगलेलं, अंगात कसकस, रक्तात पांढऱ्या पेशींचा नुसता पूर. मी त्याचं रक्त घ्यायला गेले आणि तो म्हणाला, "बाई, जरा हलू घ्या, कालच एकानं घेतलाय." त्याचं बोलणं ऐकून मी विचारलं, "दादा, कर्जतकडचे का?" माझं गाव कळल्यावर त्याने जो निःश्वास सोडला, तो रोग बरा होणार असं ऐकल्यासारखा होता.

त्याचं कार्ड मी डकवलं. बाविसावं आखूड, स्वच्छ दिसत होतं. बोलता बोलता तो म्हणाला, "माझा चुलता पन असाच पोट फुगून गेला." हे वाक्य मी आमच्या प्रमुखांना सांगितलं आणि ते खुर्चीतून उठलेच. एकाच घरात दोन रोगी म्हणजे आनुवंशिकतेचा धागा सापडण्याची शक्यता. सगळ्या घराण्याचं रक्त आणा, असा हुकूम झाला. कोणाला पाठवायचं यावर चर्चा झाली नाही. कर्जतची मीच होते.

पेशंटने परवानगी आनंदाने दिली. फक्त एक गोष्ट त्याने खालच्या आवाजात सांगितली. त्याच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा झाला होता. मुलगा मोहोपाड्याला राहणारा, रसायनीच्या एका कारखान्यात नोकरीला. बापाला रक्ताचा आजार आहे हे कळल्यापासून व्याही गप्प बसले होते. मोडलं असंही म्हणत नव्हते आणि तारीखही धरत नव्हते. "रक्तातलंच हाय म्हनतात, मंग पोरीत पन असल. तेवढं बघा."

मी एकटी जाणार नव्हते. माझी आत्या कर्जत तालुक्यात वीसेक वर्षं सरकारी नर्सबाई होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. त्या पट्ट्यातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. कोण कोणाचा, हे तिला तलाठ्यापेक्षा चांगलं माहीत. तिला बरोबर घेतलं की काम सोपं, असा मी हिशेब केला. ती म्हणाली, "मला नेऊ नकोस." मी आग्रह केला. ती पुन्हा म्हणाली, "सांगते ऐक, नको." मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

पौषातला रविवार होता. एस.टी.तून उतरून बांधावरून गावाकडे निघालो. आत्याच्या डोक्यावर काळी छत्री, हातात तिची जुनी चामड्याची पेटी. दूरच्या खळ्यावर चार-पाच माणसं भात झोडत होती. त्यांतल्या एकाने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. मग खळ्यावर कोणीच नव्हतं. एक गडी आधी चालत निघाला, मग झपझप, मग धोतर वर खोचून पळाला. आम्ही गावात शिरेपर्यंत गावात पुरुष म्हणून उरले होते आमचा पेशंट आणि एक लंगडणारे आजोबा. आजोबाही निघाले होते, पण त्यांना उशीर झाला.

"बघितलंस?" आत्या म्हणाली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणीबाणीत नसबंदीच्या केसेस आणायचं काम हिच्याकडे होतं. वरून आकडा येई. आकडा भरला नाही तर बदली. हीच छत्री, हीच पेटी घेऊन ही दारोदार फिरली होती. आपण बाळंत केलेल्या बायांच्या नवऱ्यांना तिने जीपमध्ये बसवलं होतं. ते गाव अजून विसरलं नव्हतं, आणि तीही विसरली नव्हती. माझ्या मदतीला म्हणून मी नेमकी तीच बाई आणली होती, जिला पाहून गाव पळतं.

पेशंटचा धाकटा भाऊ घराशेजारच्या पेंढ्याच्या उडवीवर चढून बसला होता आणि शिडी त्याने वर ओढून घेतली होती. पेशंट खालून ओरडत होता, "उतर रं. नुसतं रक्त घ्यायला आल्यात. दुसरं काय कापीत नाय."

"मागल्या टायमाला पन आधी रक्तच बघायचं म्हनालेले," वरून उत्तर आलं.

पेशंटची आई ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. सत्तरीची बाई, आवाज मात्र खणखणीत. ती आत्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "चाय दे गं तिला. पन आत नको घेऊ."

आत्या ओटीच्या कडेला बसली. छत्री मिटून बाजूला ठेवली. चहा आला तो प्यायली. आजूबाजूला हळूहळू बाया जमल्या, पदराआडून बघत होत्या. मग आत्याने बाही वर केली, हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "माझं घे. बघू दे सगळ्यांना, काय घेतात आणि कुठनं घेतात ते."

आता मला एक कबूल करायला हवं. मला कात्री चालवता येत होती. सुई तितकीशी नाही. आमच्याकडे रक्त काढायला वेगळी माणसं होती, मी अडीनडीला काढत असे. त्यातून वीस-पंचवीस बाया बघतायत आणि आत्याचा हात गुबगुबीत. मी टोचलं, शीर सापडली नाही. पुन्हा टोचलं, पुन्हा नाही. आत्याने डोळे मिटले आणि दातांतून "अगं आई गं" असं म्हटलं.

आणि मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"मुंबईला हेच शिकवतात का?" आत्या म्हणाली. "शीर हिकडे आहे, तू तिकडे विहीर खणतेस."

आता सगळ्याच हसल्या. या बाईने सगळ्या गावाला वीस वर्षं टोचलं होतं. देवीच्या लशीपासून धनुर्वाताच्या इंजेक्शनपर्यंत तिच्या सुईतून कोणी सुटलं नव्हतं. आज तीच ओटीवर बसून भाचीकडून टोचून घेत होती आणि कळवळत होती. उडवीवरून भावाने विचारलं, "काय झालं?" त्याच्या बायकोने खालून सांगितलं, "नर्सबायला सुई लागंना." उडवीची शिडी खाली आली. त्याला हे जवळून बघायचं होतं.

तिसऱ्यांदा रक्त आलं. म्हातारी इतका वेळ तांदूळ निवडत होती, तिने सूप बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, "आनखी एकदा टोच."

"आलं की रक्त, आजी. पुरे एवढं."

"तुला पुरं. आमचं फिटाय नको?"

आत्याने मुकाट्याने दुसरा हात पुढे केला. म्हातारीने तो हात धरला, जरा वेळ तसाच धरून ठेवला आणि बाही खाली ओढली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आत ये. उन्हात बसलीस कवाची."

त्या दिवशी सात जणांचं रक्त मिळालं. सुई नंतर आत्यानेच चालवली. भाऊ सगळ्यात शेवटी बसला, तोंड भिंतीकडे करून, आणि झाल्यावर म्हणाला, "बस, एवढंच?" जणू त्याचा काही अपमानच झाला होता.

पुढच्या रविवारी उरलेल्यांना बोलावलं होतं. रक्त दिल्यावर खायला म्हणून आत्याने घरून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणला होता. ही आमची दुसरी चूक. पहिल्या रविवारी एक पुरुष मिळेना, दुसऱ्या रविवारी अंगणात मावेनात. जो तो पेशंटचा नातलग. एकजण चुलतभाऊ, एक चुलत्याचा नातू, एक तर "घरचाच हाय" एवढंच म्हणून बाही वर करून बसला. मी एका मोठ्या कागदावर वंशावळ काढत होते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. अर्ध्या तासात चौकोन कागदाच्या बाहेर जायला लागले.

शेवटी आत्या म्हातारीला माझ्याशेजारी घेऊन आली. म्हातारी रांगेवरून नजर फिरवत गेली. "ह्यो आमचा. ह्यो बी आमचा. ह्यो भाऊकीतला, पन रक्तातला नाय. ह्यो तर वरच्या आळीचा हाय, ह्याचं काय काम हितं?" वरच्या आळीचा गृहस्थ म्हणाला, "आमचं पन बघा की. आमच्यात काय रक्त नाय?" मी त्याला लाडू दिला आणि तो समाधानाने गेला.

सगळ्या नळ्या भरून, चिठ्ठ्या लावून, बर्फाच्या डब्यात ठेवल्यावर मी सहज म्हातारीला विचारलं, "आजी, तुमचे ते दीर पोट फुगून गेले, त्यांना आधी ताप यायचा का?"

"त्याला कसला ताप? त्यो दारूनं गेला. रोज पियाचा. पोटात पानी झालेलं."

मी पेशंटकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी ल्हान होतो तवा. मला पोट तेवढं दिसलं."

म्हणजे ज्या चुलत्यासाठी मी दोन रविवार गाव गोळा केलं होतं, त्याचा आमच्या संशोधनाशी काही संबंध नव्हता. "हे आधी सांगायचं ना, आजी," मी म्हटलं.

"तू इचारलंस कुटं?" म्हातारी म्हणाली.

प्रमुखांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, रक्त आणलंच आहे तर बघून टाका.

मी बघायला सुरुवात केली. पेशी तीन दिवस वाढवायच्या, काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या, फोटो काढायचे, कापायचे, डकवायचे. म्हातारीचं ठीक. भावाचं ठीक. एकेक करत मुलीच्या कार्डावर आले. शनिवार होता, पडवीत बसले होते. बाविसावी जोडी लावली. एक आखूड होतं.

मी उठून पाणी प्यायले. परत येऊन पाहिलं. आखूडच. मुलगी एकोणीस वर्षांची, मला रक्त देताना तिने फक्त एवढंच विचारलं होतं की यात दिसतं का सगळं. सबंध रविवार मी तेच कार्ड पुन्हा पुन्हा काढून बघत राहिले. आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." वडिलांनी आपणहून पंखा बंद केला, मी कापत नव्हते तरी.

सोमवारी प्रयोगशाळेत जाऊन मुलीच्या दुसऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. दहा पाहिल्या, वीस पाहिल्या. सगळ्यांत बाविसावी जोडी सारखी. मग मूळ फोटोची दुसरी प्रत काढली, तीतही सारखी. मी कार्ड भिंगाखाली धरलं. त्या आखूड तुकड्याचं टोक सरळ रेषेत कापलेलं होतं. गुणसूत्र असं सुताराने कापल्यासारखं तुटत नाही. ते मीच कापलं होतं. टोक पडवीच्या सतरंजीत कुठेतरी पडलं असणार.

कात्री घसरली म्हणून मी एका मुलीला कॅन्सरच्या दारात नेऊन उभी केली होती, आणि तिचं लग्न मोडत आणलं होतं, निदान माझ्या मनात तरी. त्या दिवसापासून मी एका पेशीवर कधी विश्वास ठेवला नाही. प्रमुखांना यातलं मी एक अक्षर सांगितलं नाही. आत्याला सांगितलं. तिला पाच मिनिटं बोलता येईना, इतकी ती हसली, आणि मग म्हणाली, "आता मोहोपाड्याला जायचं."

अखेर निष्कर्ष असा निघाला: घरातल्या कोणातही तो बिघाड नाही. खुद्द पेशंटच्याही शरीरात सगळीकडे नाही, फक्त रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये आहे. म्हणजे तो आईबापांकडून आलेला नाही, पोरांकडे जाणार नाही. कधीतरी एका पेशीत चूक झाली आणि ती पेशी वाढत गेली. आमच्या संशोधनाच्या दृष्टीने हा भोपळा होता. मोहोपाड्याच्या दृष्टीने मोठी बातमी होती.

व्याही कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होते. मुलाचे वडील त्याच कारखान्यात फोरमन, दारावर पाटी, टेबलावर डायरी. आई जाजमावर बसलेली. मुलगा कोपऱ्यात, उंचापुरा, मिशा राखलेला, काही न बोलणारा. मी कार्ड काढून समजावून सांगितलं. फोरमनसाहेबांनी प्रत्येक गुणसूत्र बोटाने मोजलं. सेहेचाळीस भरल्यावर म्हणाले, "हे झालं तोंडी. याचा दाखला मिळेल का? शिक्क्याचा?"

"असा दाखला आम्ही देत नाही," मी म्हटलं.

"मग कसं करायचं? उद्या काही झालं तर आम्ही कोणाला धरायचं?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. आत्याने मला हाताने थांबवलं. "बरोबर बोलतात ते," ती म्हणाली. "खात्री करूनच घ्यावी. मुलीकडच्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं. आता मुलाकडचंही बघून घेऊ, म्हणजे दोन्ही बाजूंची फिट्टंफाट. पेटी आहे माझ्याबरोबर." आणि तिने पेटी उघडली.

मुलाच्या आईने मुलाकडे पाहिलं. मुलाने सुईकडे पाहिलं. आत्याने नुसता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला होता, तेवढ्यात मुलगा भिंतीला टेकत टेकत खाली बसला, आणि मग सावकाश आडवा झाला.

धावपळ झाली. कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पाणी मारलं. तो डोळे उघडून म्हणाला, "झालं का घेऊन?" आत्या म्हणाली, "नाही रे बाबा, सुरूच नाही केलं." त्याच्या आईने तोंडाला पदर लावला. ती रडतेय असं मला आधी वाटलं, पण ती हसत होती. "लहानपणापासून असाच आहे," ती म्हणाली. "शाळेत लस टोचायला आले की मागच्या खिडकीतून घरी." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "त्यांच्या पोरीने मुकाट्याने रक्त दिलं. कोणात काय खोट आहे ते दिसलं ना आता? तारीख धरा."

फोरमनसाहेबांनी डायरी उघडली.

लग्न वैशाखात झालं. आमचा पेशंट नवी टोपी घालून मांडवात फिरत होता, गोळ्यांनी पोट बरंच उतरलं होतं. पंगतीत आत्याला म्हातारीने शेजारी बसवलं आणि जिलेबीचा आग्रह केला. माझा भोपळा पुढे अर्ध्या पानाची टीप म्हणून छापून आला.

पेशंट तपासणीला मुंबईला येत राहिला. एकदा म्हणाला, "बाई, मला माझं ते दाखवा." मी त्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि खूण करून आखूड बाविसावं दाखवलं. त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"ह्येच?"

"हेच."

"एवढंसं?" तो म्हणाला. "आनि कशानं तुटलं ते?"

"माहीत नाही, दादा."

"बरं," तो म्हणाला, जणू माझीच समजूत काढत होता. "तुमी तरी काय करनार?"

त्या काळच्या गोळ्या आजार थोपवत, घालवत नसत. नेमकी त्या बिघाडावरच चालणारी गोळी निघाली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते. लग्नानंतर तो दोन-सव्वादोन वर्षं बरा राहिला. मुलीचा मुलगा त्याने मांडीवर खेळवला. तिसऱ्या वर्षी भाताची लावणी संपल्यावर आजार एकदम उसळला आणि पंधरा दिवसांत तो गेला.

आत्या आणि मी भेटायला गेलो. म्हातारी ओटीवरच होती. आम्हाला आत नेलं, पाणी दिलं. मग तिने मला विचारलं, "सापडलं का गं, कशानं होतं ते?"

"अजून नाही, आजी."

तिने मान हलवली. सुनेला पानं मांडायला सांगितलं आणि म्हणाली, "जेवून जा. तीनची यष्टी हाय."

आम्ही जेवलो. पाऊस थांबला होता. तीनची एस.टी. साडेतीनला आली.